पेटीचा घाम

पारोळ्यात बाजार समितीच्या रस्त्याला, खतांच्या दोन दुकानांच्या मधल्या अरुंद गाळ्यात जीवरामनाना मोटारी भरतात. मोटार भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार उपसून काढायची आणि त्या जागी नव्या तारेचे मोजून वेढे द्यायचे. चाळीस वर्षांत किती मोटारी भरल्या, हे नानांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते मान खाली घालून "असतील थोड्या" एवढंच म्हणाले असते.

नानांना बोलणं जमत नसे. गिऱ्हाईक आलं की मोटारीचं झाकण उघडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "परवा." बाकीचं बोलणं बायकोकडे, बेबाबाईकडे. दुकानात दोन स्टुलं होती. एकावर नाना हातयंत्र फिरवत वेढे देत, समोरच्यावर बेबाबाई बसून मोठ्याने मोजत असे. तिला लिहिता येत नव्हतं, पण मोजण्यात ती कधी चुकली नाही. शंभर झाले की ती "झाले" म्हणायची, नाना क्षणभर हात थांबवायचे, ती पुन्हा एकपासून सुरू करायची. मधेच कोणी काही विचारायला आलं तर ती बोट वर करून त्याला थांबवायची, आकडा सोडायची नाही.

दोघं दुपारी दुकानातच जेवत. त्यावरून त्यांचं एकच भांडण होतं, आणि ते पस्तीस वर्षं चाललं. बेबाबाई घरून तव्यावरच्या भाकरी स्टीलच्या डब्यात घालून आणायची आणि झाकणाखाली आगपेटीची एक काडी आडवी ठेवायची. झाकण नीट बसायचं नाही, फट राहायची. नाना म्हणायचे, "इथं तांब्याचा कीस उडतो, वार्निशचा वास. घट्ट लाव की." आणि काडी काढून झाकण दाबून टाकायचे. ती काही बोलायची नाही. नानांची पाठ वळली की काडी पुन्हा जागेवर. ही काडी कशाला, असं नानांनी एकदाही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी बेबाबाई गेली. एकुलती एक लेक कामिनी सुरतेला दिलेली. नाना खानावळीचा डबा लावून जेवू लागले. तो डबा समोरच्या रिकाम्या स्टुलावर येऊन बसायचा. झाकणाच्या आतून पाणी गळायचं आणि खालची भाकरी ओली निघायची. खानावळवाल्याला भाकरी भाजता येत नाही, असं नानांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. वेढे आता ते स्वतःच मोजायचे, मनातल्या मनात. शंभराला हात थांबायचा. सवयच ती.

आमलीपाड्याची पेटी त्यांच्याकडे आली ती गेल्या उन्हाळ्यात.

आमलीपाडा चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसावरची शेती, मोहाची फुलं, चारोळी आणि उरलेल्या दिवसांत मजुरी, यावर जगणारी तीस घरं. तिथं सौर पंप बसला होता. ऊन पडलं की पंप चालायचा, पाणी टाकीत चढायचं, टाकीतून नळाला यायचं. पंप बंद पडला की बायका घागरी घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर उतरायच्या. मोटार जळाली तेव्हा दिवल्या पावरा ती मोटारसायकलला बांधून पार पारोळ्यापर्यंत आला होता. चोपड्यात कोणीतरी त्याला नानांचं नाव सांगितलं होतं. महिन्याभरात तो पुन्हा आला. पंप चालवणारा कंट्रोलर ज्या पेटीत होता ती पेटीच तडकली होती, आणि ज्यांनी ती बसवली ते पुन्हा फिरकले नव्हते.

"नाना, मोटर तू भरी दिधी, आते पेटी बी तूच कर," दिवल्या म्हणाला. डोंगराकडची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. नानांना ते बरं वाटायचं. पारोळ्यात त्यांना तू म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.

पेट्यांचं काम नानांचं नव्हे. तरी ते धुळ्याला गेले, आग्रा रोडवर रुपचंदभाऊंच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात. रुपचंदभाऊंनी रिकाम्या पेट्यांची रांगच मांडली. प्रत्येकीवर दोन आकडी नंबर.

"हे बघा नाना, सोपं आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ही चोपन्न. धूळ पुष्कळशी अडते, चारी बाजूंनी शिंतोडे आले तरी आत जात नाहीत. ही पासष्ट. धूळ अजिबात नाही, पाइपाने पाणी मारलं तरी हरकत नाही. आणि ही सदुसष्ट. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आत कोरडी."

नानांनी चोपन्न नंबरची घेतली. ती पेटी आमलीपाड्यात खांबावर चढली आणि जुलैत पंप थांबला. दिवल्याने पेटी उघडली तर तळाला चमचाभर पाणी. तारा वरच्या बाजूने आत घातल्या होत्या, त्यांच्यावरून ओघळलं असेल असं नानांना वाटलं. चूक आपलीच. त्यांनी पासष्ट नंबरची आणली, तारा खालून घेतल्या, भोकांना रबरी बूच बसवले. ऑगस्टअखेर पंप पुन्हा थांबला. तळाला अर्धा कप पाणी. मग सदुसष्ट आली. त्या पेटीला नानांनी आतून सिलिकॉन फासलं, बाहेरून एम-सीलच्या वळ्या थापल्या, तारांची तोंडं लिंपली. मुंगी जायला जागा ठेवली नाही.

सप्टेंबर संपता संपता दिवल्या ती पेटी मांडीवर उभी धरून, मागे बसून, कोणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. ऐंशी किलोमीटर.

"हालू दिधी नही," तो म्हणाला. "म्हटलं नानाले देखाडूत."

नानांनी झाकण काढलं आणि पेटी पातेल्यावर वाकडी केली. भरला कप पाणी निघालं. कंट्रोलर जळून काळा पडला होता.

"चमेलीबाई काय म्हने माहीत शे का?" दिवल्या हसू दाबत म्हणाला. चमेलीबाई म्हणजे त्याची थोरली वहिनी, पंपाची किल्ली तिच्याकडे असते. "म्हने, पंप बंद पडना तरी चाले, नानानी पेटीमाच पानी लागनं!"

नाना हसले नाहीत. दिवल्या गेल्यावर ते बराच वेळ पातेल्यातल्या पाण्याकडे पाहत बसले. नंबर वाढवला तसं पाणीही वाढलं. नंबर खोटा असेल असं त्यांच्या मनात आलंच नाही. आपला हात खोटा झाला, एवढंच त्यांना वाटलं. स्क्रू पुरता पिळला जात नसेल. रबर वाकडं बसत असेल आणि डोळ्यांना दिसत नसेल.

कामिनीचा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा.

"नाना, जेवले?"

"जेवलो."

"काय होतं?"

"भाकरी."

"कशी होती?"

"ओली."

"बघा! असं किती दिवस चालायचं? इथं माझ्या डोळ्यांसमोर राहा ना. तुमच्या दुकानाशेजारचे खतवाले काका आमच्याकडे आले होते, ते सुद्धा म्हणत होते, नानांचा हात थरथरतो आता. लोक तुमच्या तोंडावर बोलत नाहीत, नाना. भिडेखातर काम आणतात."

एरवी ते "बघू" म्हणून फोन ठेवायचे. त्या दिवशी पातेलं समोर होतं.

"कामिनी," ते म्हणाले, "आमलीपाड्याची पेटी आहे एक. तीनदा पाणी शिरलं. चौथ्यांदा शिरलं तर दिवाळीला शटर ओढतो आणि येतो तुझ्याकडे. कायमचा."

"खरं?"

"खरं."

फोन ठेवल्यावर त्यांची नजर दोन्ही स्टुलांवर गेली. घर त्यांना फक्त झोपायला लागत असे. ते राहत होते ते दुकानात, त्या दोन स्टुलांच्या मधल्या जागेत. सुरतेच्या चौथ्या मजल्यावर ते स्टूल कुठं ठेवणार होते?

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला गेले. रुपचंदभाऊंनी कपाटातून एक जड पेटी काढली. "अडुसष्ट. हिला पाण्यात राहायला ठेवा, नाना. याच्या वरचा नंबर माझ्याकडे तरी नाही."

नानांनी ती घेतली. पण या वेळी पेटी दिवल्याच्या हाती द्यायची नाही, स्वतः जायचं, असं त्यांनी ठरवलं. सदुसष्टमध्ये त्यांनी नवा कंट्रोलर बसवला. आधी हीच पुन्हा टांगायची आणि पाणी कुठून शिरतं ते डोळ्यांनी बघायचं. दिसलं तर ठीक, नाही दिसलं तर अडुसष्ट चढवायची. पिशवीत दोन्ही पेट्या, हातड्रिल, तारेच्या दोन-तीन गुंडाळ्या, खडूची पेटी. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक घट्ट झाकणाचा नवा स्टीलचा डबा.

एसटीने अमळनेर, तिथून तापीचा पूल ओलांडून चोपडा, पुढे काळीपिवळी जीप. फाट्यावर दिवल्या उभा होता.

चमेलीबाईचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पंपापासून हाकेच्या अंतरावर. ती दारात धान्य पाखडत होती. नानांना पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"उना का विहीरवाला नाना?"

दिवल्या खो खो हसला. नानांनी कसंनुसं हसून डबा पुढे केला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, झाकण लावून काढून पाहिलं. "भारी शे," म्हणाली आणि आत नेऊन ठेवला.

नानांनी पेटी खांबाला लावली. झाकण बंद करायच्या आधी त्यांनी खडू कुटून त्याची पूड केली आणि आतल्या काळ्या रबराच्या कडेने चारी बाजूंनी तिची बारीक पांढरी रेघ ओढली. तारा शिरतात तिथंही गोल रेघ. पाण्याचा थेंब जिथून आत येईल तिथं रेघ मोडणार. मग त्यांनी सगळे स्क्रू पिळले, एकेक दोनदा, आणि समोरच्या मोहाच्या झाडाखाली खाट टाकून बसले.

ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी पेटीवर तळहात ठेववत नव्हता. पाण्याला आलेल्या बायका नळावर घागर लावून त्यांच्याकडे बघत.

"डोकरा पेटीले राखी राहिना वं," एक म्हणाली.

"राखू दे. मांगली येळले तिना आतमझार भूत व्हतं," दुसरी म्हणाली.

"भूत कसानं, मासा व्हतात मासा!"

नानांना त्या हशाचा राग आला नाही. उलट, कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय हेच त्यांना इतक्या दिवसांनी ऐकू येत होतं. त्या संध्याकाळी ते चमेलीबाईकडे जेवले. पंगतीत नऊ माणसं. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. भाकरी बांबूच्या टोपलीत फडक्यात गुंडाळलेली होती. वरपासून खालपर्यंत एकही ओली नव्हती. नाना तीन भाकरी जेवले आणि मग लाजले.

पहिल्या दिवशी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चमेलीबाईने त्यांचं जेवण मोहाखाली आणलं. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनीच दिलेल्या नव्या डब्यात, झाकण घट्ट दाबून. ती डबा खाटेवर ठेवते न ठेवते तोच डोंगराकडून वारा सुटला. परतीच्या पावसाची सर धावत आली. नाना डबा घेऊन छपराखाली पळाले. पंधरा-वीस मिनिटं पाऊस आडवा-उभा कोसळला आणि जसा आला तसा गेला. पेटीवरून पाणी निथळत होतं. हात लावला तर मघाशी चटका देणारी पेटी माठासारखी गार.

नानांनी फडक्याने बाहेरचं पाणी टिपलं. स्क्रू काढले. चमेलीबाई आणि दिवल्या मागे येऊन उभे राहिले.

झाकण उघडलं. खडूची रेघ चारी बाजूंनी अखंड. तारांभोवतीचं गोलही अखंड. कुठूनही थेंब शिरला नव्हता. आणि तरीही झाकणाच्या आतल्या बाजूला टपोरे थेंब लटकत होते. त्यांतला एक नानांच्या डोळ्यांदेखत सुटला आणि कंट्रोलरवर पडला.

दार बंद, कडी लावलेली, आणि घरात माणूस. त्यांना काहीच उमजेना. आपण आता सुरतेला जाणार, एवढंच त्यांना कळत होतं.

"हाऊ तं घाम शे," चमेलीबाई सहज म्हणाली.

"पेटीला कसला घाम?"

"भाकरले येस तसा." तिने छपराखालून डबा आणला आणि नानांसमोर झाकण उघडलं. झाकणाच्या आतून तसेच टपोरे थेंब. वरची भाकरी भिजलेली. "हाई देख. तुना डबा चांगला शे नाना, राग नको मानू. पन गरम भाकर कोंडी टाकी तं ती रडसच. म्हनीसन आमी टोपलीमा ठेवतस."

नाना एकदा डब्याच्या झाकणाकडे बघत होते, एकदा पेटीच्या. मग त्यांना आगपेटीची काडी दिसली. पस्तीस वर्षं रोज दुपारी दिसलेली. काडी काढून झाकण दाबणारा आपला अंगठाही दिसला.

ते डब्यावरून मान वर करेनात. चमेलीबाईला वाटलं, डब्याला नावं ठेवली म्हणून डोकरा रुसला. ती दिवल्याकडे बघून ओठ दाबत आत गेली.

नानांच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट जागेवर बसत होती. उन्हाने पेटी तापते, आत कंट्रोलरही तापतो. आतली हवा फुगते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर जाते. पाऊस आला की पेटी एकदम गार होते, हवा आक्रसते आणि बाहेरची ओली हवा आत ओढून घेते. रबर घट्ट असलं म्हणून काय झालं? तारेच्या वेष्टणातूनही हवा सरकते. तिचं पाणी होतं आणि तळाला बसतं. चोपन्न नंबरच्या पेटीला फटी होत्या, म्हणून त्यातलं निम्मं पाणी उन्हाने उडून जायचं. त्यांनी जसजसं लिंपत नेलं, तसतशी त्याची जायची वाट बंद होत गेली. आणि मुळात बुडवायची पेटी इथं हवी कशाला? खांबावर, छातीएवढ्या उंचीवर ती कशात बुडणार होती?

त्यांना स्वतःचंच हसू आलं. तारेच्या दुकानात नंबर वाढत जातो तशी तार बारीक होत जाते. अठरा नंबरची जाड, चाळीस नंबरची केसासारखी. कुठलाच नंबर मोठा नाही की लहान नाही, मोटार मागेल तो बरोबर. शिकायला आलेल्या कितीकांना त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि पेटी घेताना मात्र लहान मुलासारखे ते मोठ्या आकड्यामागे धावले.

त्यांनी पिशवीतून हातड्रिल काढलं. अडुसष्ट तशीच पिशवीत राहू दिली. सदुसष्टच खाली घेतली, पुसली, आणि तिच्या बुडाला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रिलचं टोक टेकवलं.

"नाना!" दिवल्या ओरडला. "डोकं फिरनं का तुनं? पानी जावाले नको म्हनीसन तीन पेट्या करात, आते सोताच भोक पाडस?"

"हो," नाना म्हणाले.

त्यांनी टोक उचलून पुन्हा टेकवलं. हे भोक एकदा पडलं की पेटीवरचा नंबर गेला. पुन्हा पाणी साचलं तर दोष रुपचंदभाऊंना देता येणार नव्हता की वयाला. त्यांनी डोळे मिटून दांडा फिरवला. प्लास्टिकचा कीस भुरभुरत खाली पडला.

भोकात त्यांनी एक पोकळ बोल्ट बसवला. मुंग्या आणि गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून चाळीस नंबरच्या तारेचा जाळीसारखा बोळा वळून त्यात कोंबला. दिवल्याने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. तो कापून त्यांनी पेटीच्या डोक्यावर छप्पर केलं, बोटभर अंतर ठेवून, म्हणजे ऊन थेट पेटीवर पडणार नाही. तारांना खाली झोल दिला. पाणी ओघळलं तर झोलावरून टपकेल, आत जाणार नाही.

निघताना चमेलीबाईने फडक्यात बांधून चार भाकरी दिल्या.

"राग तं नही ना उना नाना?"

नानांना पुष्कळ सांगायचं होतं. बेबाबाईबद्दल, काडीबद्दल. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाही. भाकरी चांगल्या होत्या."

पारोळ्याला परत आल्यावर त्यांनी पाऊस मोजायला सुरुवात केली. दिवाळीला अडीच आठवडे होते. उत्तरेकडे काळं दिसलं की त्यांचा हात यंत्रावर थांबायचा आणि वेढ्यांचा आकडा चुकायचा. पहिला पाऊस झाला, दुसरा झाला. फोन वाजला की ते आधी नाव बघायचे. दिवल्या नसला की श्वास सोडायचे. कामिनीने विचारलं, "नाना, पेटीचं काय झालं?" ते म्हणाले, "अजून काही कळलं नाही." तिने सुरतेत त्यांच्यासाठी गॅलरीतली खोली रंगवायला काढली होती. रंग कोणता हवा, असंही तिने विचारलं. नानांना कुठलाच रंग आठवेना.

पाचव्या पावसानंतर, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, सकाळी फोन आला.

"नाना, पेटी उघाडी व्हती आज."

"मग?"

"काहीच नही."

"काहीच नाही म्हणजे? नीट सांग."

"आरे काहीच नही म्हन्जे काहीच नही! कोल्ली शे, खडूनी गत. पंप धडधड चाली राहिना. चमेलीबाई म्हनस, नानानी विहीर आटी गई!"

नाना हसले. मोठ्याने हसले. शेजारचा खतवाला डोकावून गेला इतकं. फोन ठेवला आणि हसत हसतच त्यांनी समोर पाहिलं. तोंड उघडलेलं होतं, पहिला शब्द ओठांवर आला होता. स्टुलावर खानावळीचा डबा होता.

ज्या एका माणसाला हे सगळं सांगायचं होतं, तिला ते पहिल्यापासूनच माहीत होतं. आणि आता सांगायला तीच नव्हती.

संध्याकाळी सातला त्यांनी आपण होऊन कामिनीला फोन लावला. लेकीने घाबरून विचारलं, "काय झालं?"

"पेटी कोरडी आहे."

"म्हणजे तुम्ही येणार नाही."

"दिवाळीला येतो. चार दिवस. मग परत."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणी रुसायची तेव्हासारखा झाला होता. नानांना वाईट वाटलं. जिंकल्यावर माणसाला काय वाटतं, हे त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. पण असं वाटत नसावं.

"कामिनी, तुझी आई डब्याच्या झाकणाखाली काडी ठेवायची. आठवतं?"

"हो. आणि तुम्ही ओरडायचे."

"मी ओरडायचो," नाना म्हणाले. ती वाट बघत राहिली, मग म्हणाली, "नाना, जेवून घ्या."

दिवाळीनंतर ते अडुसष्ट नंबरची पेटी घेऊन रुपचंदभाऊंकडे गेले.

"परत? खराब निघाली?"

"नाही. नंबर जास्त आहे."

रुपचंदभाऊ बघतच राहिले. "लोक नंबर चढवायला येतात, तुम्ही उतरवायला आलात?"

नानांनी पंचावन्नच्या दोन घेतल्या. आता त्यांच्याकडे पेट्यांचीही कामं येतात. गिऱ्हाईक विचारतं, "कितवा नंबर टाकता?" नाना उलट विचारतात, "कुठं लावणार?" भडगावकडचा एक जण गिरणेच्या काठावरच्या पंपासाठी आला होता. तिथं दरसाल पुराचं पाणी चढतं. त्याला त्यांनी सदुसष्टच दिली, भोक न पाडता. पेटी सावलीत लाव आणि पूर ओसरला की उघडून वाळव, असं दोनदा सांगितलं. नानांनी एका गिऱ्हाइकाशी इतकं बोलणं त्या दुकानात पहिलंच.

दुपारी खानावळीचा डबा येतो. नाना झाकण थोडं उचलून खाली आगपेटीची एक काडी आडवी ठेवतात आणि हातातलं काम पुरं करायला बसतात. यंत्र फिरतं, तार गुंडाळली जाते. हल्ली ते मोठ्याने मोजतात. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. शंभराला हात थांबतो. डब्याच्या फटीतून बारीक वाफ निघत असते. समोरून कोणी "झाले" म्हणत नाही.

नाना थोडं थांबतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात.